दुमिंगच्या घरचं तळण

वसईकडच्या एका बागायती गावात एकदा एक वृद्ध धर्मगुरू राहत असत. देवळाचा कारभार त्यांनी केव्हाच तरुण फादरांच्या हाती सोपवला होता, पण अडल्यानडल्याला लोक यायचे ते यांच्याकडेच. बोलणं मोजकं. आणि स्वभाव असा, की शब्दांनी भागत नाही असं दिसलं की काहीतरी विचित्रच करून बसायचे. भल्याभल्यांना त्यांचा राग यायचा. आता सांगतो आहे ती गोष्टही त्यांनी करायला नको होती असं म्हणणारे लोक त्या गावात आजही सापडतील, आणि खरं सांगायचं तर मी त्यांना फारसा दोष देणार नाही.

या फादरांच्या हाताखाली तयार झालेली एक शिष्या होती, तिचं नाव सबिना. देवळात मुलांना धर्मशिक्षण द्यायची. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, प्रभूच्या येण्याची वाट पाहण्याचे दिवस. त्या दिवसांत वेदीजवळ हिरव्या डहाळ्यांचं चक्र ठेवतात आणि त्यात चार मेणबत्त्या लावतात. तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक एक वाढत जाते. जांभळा रंग प्रतीक्षेचा आणि पश्चात्तापाचा, गुलाबी आनंदाचा. ही गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारी पेटते, आणि त्या गावात ती पेटवण्याचा मान सबिनाचा होता.

त्या वर्षी पावसाळा सरत असताना सबिनाचा नवरा दुमिंग माडावरून पडला. जीव वाचला, पण कमरेखाली ताकद राहिली नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पाय परत येतील की नाही, ते आज कुणीच सांगू शकत नाही. पण याने रोज उठून बसायचा प्रयत्न केलाच पाहिजे. नुसता पडून राहिला तर आहे तेही जाईल." सुरुवातीला दुमिंग दातओठ खाऊन प्रयत्न करायचा. मग डिसेंबर लागला आणि त्याने एकाएकी सगळं सोडून दिलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. मालिश करायला माणूस यायचा, त्याला म्हणायचा, "आज नको, उद्या ये." जेवणाचं ताट अर्धं परत जाऊ लागलं. सबिनाला कळेना, कालपर्यंत झुंजणारा माणूस आज असा का झाला. ती पार धास्तावून गेली.

एका संध्याकाळी ती फादरांकडे आली.

"फादर, यंदा ती मेणबत्ती दुसऱ्या कुणाला तरी पेटवू द्या."

"का गं पोरी?"

"आनंदाची मेणबत्ती मी कुठल्या तोंडाने पेटवू? माझ्या घरात काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे. दुमिंग एकदा उठून बसू दे, मग पेटवीन. देवाच्या घरात ढोंग नको."

फादरांनी भलताच प्रश्न केला. "तुझ्याकडे तळण कधी आहे?"

"यंदा तळण नाही, फादर. नवरा अंथरुणाला खिळलाय आणि मी कढई चढवू? लोक काय म्हणतील? आणि त्याला तरी काय वाटेल? आळीतल्या बायकांना मी सांगून टाकलंय, माझ्याकडे येऊ नका म्हणून."

"अस्सं," फादर म्हणाले, आणि तिला निरोप दिला.

या तळणाविषयी थोडं सांगायला हवं. नाताळ जवळ आला की त्या गावात घरोघर कुलकुल व्हायचे. मैद्याच्या गोड पिठाची चिमुकली गोळी जेवणाच्या काट्याच्या पाठीवर दाबायची, वळवून शंखासारखी करायची आणि तुपातेलात तळायची. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हेच. आज या घरी, उद्या त्या घरी अशी अख्खी आळी जमायची, गप्पांना ऊत यायचा. दुमिंग यात भलता पटाईत होता. बायकांची एक गोळी वळून होईपर्यंत याच्या तीन व्हायच्या, आणि वर तो त्यांची चेष्टाही करायचा. मात्र वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घरी कढई चढत नसे. तिथे शेजारी आपल्याकडचे कुलकुल ताटात घालून, वर पांढरं फडकं झाकून नेऊन द्यायचे. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, दोन शब्द सांत्वनाचे बोलायचे आणि न बसता परत फिरायचं. गावाची ही रीत होती आणि ती पोराटोरांनाही ठाऊक होती.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी, दुपारच्या वेळी, आळीतल्या बायका एस्तेलमावशीच्या ओटीवर बसून कुलकुल वळत होत्या. समोरच्या रस्त्याने फादर चालले होते. अंगात पांढरा झगा, पायांत वहाणा, आणि दोन्ही हातांवर ताट. ताटावर पांढरं फडकं.

बायकांचे हात जागच्या जागी थांबले. आळीत त्या वर्षी कुणीच गेलं नव्हतं. मग फादर वळले ते नेमके सबिनाच्या घराकडे.

"अगं बाई! दुमिंग गेला!" एस्तेलमावशी किंचाळली आणि पिठाच्या हातांनीच धावत सुटली. तिच्या मागे सगळ्या बायका. कुणाच्या हातात काटा, कुणाच्या हातात पिठाची परात, तशाच.

इकडे फादर उंबऱ्याबाहेर उभे राहिले होते. सबिना दाराशी आली. त्यांनी ताट पुढे केलं आणि गंभीर आवाजात म्हणाले, "सबिना, तुझ्या दुःखात आम्ही सारे सहभागी आहोत."

सबिनाने त्या पांढऱ्या फडक्याकडे पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात ती कधी फादरांसमोर मोठ्याने बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"फादर, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? माझा नवरा जिवंत आहे! आत पडलाय तो! जिवंत माणसाच्या दारात हे ताट आणताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?"

फादर उत्तर देणार तोच एस्तेलमावशी अंगणात पोचली, आणि तिने असा गळा काढला की माडावरचे कावळे उडाले. "दुमिंगा रे! सोन्यासारखा पोरगा! कसा रे सोडून गेलास? माझी विहिरीत पडलेली कळशी तूच काढून दिलीस रे!"

आतून आवाज आला. कित्येक दिवसांत कुणी ऐकला नव्हता इतका खणखणीत.

"मावशी, कळशी मी नाही काढली. शेजारच्या आन्तोनने काढली होती!"

अंगणात कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू असं पसरत गेलं की एस्तेलमावशीही रडता रडता पदराने तोंड झाकून हसू लागली. फक्त सबिना हसली नाही. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती फादरांकडे वळली.

"झालं समाधान? केलीत माझ्या घराची थट्टा?"

दुमिंग आतूनच म्हणाला, "फादरांवर का ओरडतेस? त्यांनी ताट आणलं म्हणून? तू बायकांना तळण नाही म्हणालीस ना, त्याच दिवशी मला समजलं होतं. म्हटलं, हिने आपल्याला मेल्यातच धरलंय. आपण गेलेलेच आहोत. मग उठून बसायचं कशाला?"

सबिना दारातच खाली बसली. सारी धडपड तिने त्याच्यासाठीच केली होती. त्याच्या मनाला लागू नये म्हणून घरात ती मोठ्याने बोलेनाशी झाली, रेडिओ लावेनाशी झाली, शेजारणींना दारातूनच परतवू लागली. आणि भिंतीकडे तोंड करून तो ऐकत होता तो स्वतःचाच दुखवटा.

फादरांनी ताट खाली ठेवलं आणि तेही तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकले. म्हातारपणामुळे त्यांना खाली बसायला जरा वेळ लागला.

"पोरी, रागावलीस ते बरोबरच आहे. मला हे नीट शब्दांत सांगायला हवं होतं, पण त्या संध्याकाळी मला शब्द सुचले नाहीत. तू मुलांना शिकवतेस, गुलाबी मेणबत्ती कितवी?"

"तिसरी."

"तिच्यानंतर?"

"पुन्हा जांभळी."

"पुन्हा जांभळी. म्हणजे ती पेटते तेव्हा वाट पाहणं संपलेलं नसतं. आपल्या पूर्वजांनी आनंद शेवटी ठेवला नाही, वाटेच्या मध्येच ठेवला. त्यांनाही दुखणी होती, त्यांचीही माणसं अंथरुणाला खिळत होती. सगळं नीट होईल तेव्हा आनंद करू, असं म्हणणाऱ्याच्या घरी कढई कधीच चढत नाही. कारण सगळं नीट असं कुणाच्याच घरी होत नाही. माझ्याही नाही."

"पण फादर, आभार तरी कशाचे मानू? त्याच्या पायांचे?"

"छे. पाय गेले त्याबद्दल आभार मान असं मी सांगणार नाही, आणि देवही सांगणार नाही. त्याबद्दल तू देवाशी भांड, हवी तेवढी भांड. पण आत्ता आतून जो आवाज आला, तो ऐकलास ना?"

सबिनाने मान हलवली.

"अहो मावशी," आतून दुमिंग ओरडला, "पिठाची परात आणलीय की नुसती रडायलाच आलात? पीठ वाळेल ते!"

एस्तेलमावशीने सबिनाकडे पाहिलं. सबिना उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, "या. सगळ्या आत या."

दुमिंगला बसवायला चार जणी लागल्या. पाठीला लोड, दोन्ही बाजूंना उशा. बसताना कळ अशी आली की त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सबिना घाबरून म्हणाली, "राहू दे, नको." तो दात आवळून म्हणाला, "परात जवळ सरकव." त्याने पहिली गोळी काट्यावर वळली ती वाकडीतिकडीच झाली. दुसरी फुटली. बायकांनी एवढीशी दया दाखवली नाही. "काय रे, विसरलास वाटतं? पुढच्या वर्षी तुला बोलावणार नाही हं आम्ही!" तिसरी मात्र शंखासारखी नीट उतरली आणि तो तिच्याकडे बघतच राहिला. फादर केव्हा उठून निघून गेले, कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रविवारच्या मिस्साला, देवळातल्या उपासनेला, सबिनाने गुलाबी मेणबत्ती पेटवली.

दुमिंगचे पाय परत आले का, असं तुम्ही विचाराल. त्या नाताळला तरी आले नाहीत. पुढचं मला ठाऊक नाही, आणि त्याची वाट पाहत ही कथा थांबवून ठेवावी असं मला वाटत नाही. आपल्याही घरात कुणी असं पडून असेल, तर त्याच्यासाठी आवाज दबका करण्याआधी एकदा त्यालाच विचारून पाहावं.

मला ठाऊक आहे ते त्या शनिवारच्या संध्याकाळचं. बायका आपापल्या घरी गेल्या होत्या. सबिना चुलीपाशी शेवटचा घाणा काढत होती आणि दुमिंग अजून लोडाला टेकून बसलेला होता. ती गरम कुलकुल बशीत घेऊन आली. त्याने एक तोंडात टाकला, चावला आणि म्हणाला, "साखर कमी पडलीय."

गेले कित्येक दिवस त्याने तिच्या स्वयंपाकाला ना चांगलं म्हटलं होतं, ना वाईट. सबिना पलंगाच्या कडेवर बसली आणि मनापासून, पोट धरून हसली. "कमीच पडू दे," ती म्हणाली, "उद्या पुन्हा करीन."