आठव्या तात्सुजुरोची हाक

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली, ते मिनासे गावातही कोणी सांगू शकत नाही. पिढ्या मात्र तिथे चोख मोजतात.

मिनासे हे जपानच्या डोंगरातलं गाव. दोन ओढे, भाताची खाचरं, एक देऊळ आणि देवळासमोर लाकडी रंगमंच. भात घरात आलं की तिथे काबुकीचे, म्हणजे चेहरे रंगवून करायच्या नाटकांचे, खेळ व्हायचे, दिवसाउजेडी. मागच्या दारापासून थेट रंगमंचापर्यंत, बसलेल्या लोकांच्या मधून, फळ्यांची एक अरुंद वाट होती. तिला फुलवाट म्हणत. नायक त्या वाटेने यायचा आणि एका ठरलेल्या फळीवर पाय रोवून, डोळे ताणून, दगडासारखा थांबायचा. तो थांबला की लोकांनी हाक मारायची.

नायक कायम एकाच घरातला असायचा, आणि त्याचं नावही कायम एकच, तात्सुजुरो. बाप तात्सुजुरो, आजा तात्सुजुरो, पणजाही तात्सुजुरो. म्हणून लोक नावाने हाक मारत नसत, पिढीच्या आकड्याने मारत. "पाचवा!" "सहावा!"

नाव द्यायचा रिवाज कडक होता. बापाने सगळ्या गावासमोर आपलं नाव मुलाला द्यायचं. दिलेलं नाव परत घेता येत नसे. त्या घडीपासून बाप बिननावाचा व्हायचा. मुलाने त्याच दिवशी पहिला खेळ करायचा. फुलवाटेवर हाक मिळाली की तो मोजला गेला, देवळातल्या पाटीवर चढला. हाक मिळाली नाही तर तो त्या घरात झालाच नाही असं धरत. आणि खेळ संपल्यावर नव्या तात्सुजुरोचं पहिलं काम एकच असे. बापाला म्हातारपणाचं नाव द्यायचं. तेवढ्यापुरता बाप मुलाच्या तोंडाकडे बघत थांबायचा.

सातवा तात्सुजुरो साठीला आला तेव्हा त्याचा डावा गुडघा वाजायला लागला होता. फुलवाटेवर तो थांबला की गुडघ्यातून काडी मोडल्यासारखा आवाज यायचा आणि मागे बसलेल्यांनाही ऐकू जायचा. त्याने ठरवलं, आता नाव शिन्किचीला द्यायचं. शिन्किची त्याचा एकुलता एक मुलगा, तेविसाव्या वर्षात होता. लहानपणी झाडावरून पडून त्याची डावी भुवई मधोमध फाटली होती, तिथे केस उगवले नव्हते.

त्या दिवशी सातव्याने रंगमंचावर गुडघे टेकले, कपाळ फळीला लावलं आणि नाव दिलं.

खाली तोफू विकणारा म्हातारा तामेझो बसला होता. गावात पहिली हाक त्याची. त्याने मारल्याशिवाय दुसरा कोणी तोंड उघडत नसे. तो मोठ्याने म्हणाला, "आता तुम्हाला काय म्हणायचं हो, सातवे? नाव तर देऊन बसलात."

"संध्याकाळपर्यंत काहीच म्हणू नका, तामेझोसान. तेवढाच कानाला आराम."

लोक हसले. शिन्किची बापाशेजारी बसून हसत होता. तामेझोने त्याच्याकडे बोट केलं. "आणि तू रे? तुझ्या बापालाही मी फळीवर ताटकळत ठेवून मग हाक दिली होती. माझी हाक तोफूसारखी विकाऊ नाही."

"मग आज फुकट द्या, आजोबा," शिन्किची म्हणाला आणि चेहरा रंगवायला आत गेला.

लोकांनी डबे सोडले. भाताचे गोळे, मुळ्याचं लोणचं. पोरं फुलवाटेवर धावत होती आणि आया त्यांना खाली ओढत होत्या. आत नटांना केसांचे टोप बांधणारी ओसोनो टोप घेऊन आली, तेव्हा शिन्किची आरशासमोर ताठ बसला होता. चेहऱ्याची डावी बाजू रंगवून झाली होती, पांढऱ्यावर लाल रेघा. उजवी बाजू कोरी होती. कुंचला हातात होता.

"चला, उशीर झालाय," ती म्हणाली.

 तिने त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो तिच्या अंगावर कलंडला. कुंचल्याचा रंग अजून ओला होता.

बाप आला. त्याने मुलाच्या नाकाशी तळहात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. बाहेर कोणीतरी हसत होतं. ओसोनो म्हणाली, "मी सांगून येते. खेळ बंद करायला हवा."

"नको."

"अहो, पोर गेलंय तुमचं."

"खेळ बंद केलास तर हा कधी नव्हताच, ओसोनो."

त्याने मुलाला चटईवर निजवलं. त्याच्या मुठीतून कुंचला सोडवून घेतला. मग तो त्याच आरशासमोर बसला आणि स्वतःचा सगळा चेहरा रंगवला. ओसोनोने त्याच्या डोक्यावर तरुण माणसाचा टोप बांधला.  

खेळ एका तरुणाचा होता. पुरात बंधाऱ्याचं दार तुटतं आणि गाव निघून जाईपर्यंत तो ते पाठीने धरून ठेवतो. या नायकाने फुलवाटेवर तीन उड्या घ्यायच्या आणि चौथ्या पावलाला थांबायचं. सातव्याने बारा वर्षांत एकही उडी मारली नव्हती.

मागचं दार उघडलं. तामेझोने मान वळवली नाही. तो चेहरे बघत नसे, पावलं ऐकत असे. पहिली उडी झाली. दुसरी झाली. तिसरी इतकी उंच होती की वरच्या कंदिलाला टोप लागला असं म्हणतात. उतरून त्याने चौथं पाऊल ठरलेल्या फळीवर रोवलं आणि तो थांबला. तामेझो कान देऊन बसला होता. गुडघा वाजला नाही.

तामेझो उठून उभा राहिला. "आठवा!"

सगळं गाव ओरडलं. "आठवा! आठवा!" रंगमंचाचं छप्पर हललं, देवळातली कबुतरं उडाली.

खेळ शेवटपर्यंत झाला. मग नायक पडद्यापुढे आला आणि त्याने टोप काढला. खाली पांढरे केस होते. लोकांना आधी काही कळलंच नाही. कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मधेच थांबलं.

"माझा मुलगा खेळाच्या आधीच गेला," तो म्हणाला. "आत आहे. तुम्ही हाक दिलीत. आता तो मोजला गेला."

 एका बाईच्या हातातला भाताचा गोळा तसाच राहिला. पुजारी पाटी घेऊन बसला होता, त्याने विचारलं, "तामेझो, हाक कोणाला दिलीस?"

तामेझो म्हणाला, "आठव्याला. यांचं पाऊल मी चाळीस वर्षं ऐकतोय. ते पाऊल यांचं नव्हतं. दिलेली हाक मी परत घेणार नाही."

नव्या तात्सुजुरोच्या पहिल्या खेळानंतर त्याच्या तोंडावर रेशमी कापड दाबून रंगाचा ठसा घ्यायचा रिवाज होता. ओसोनोने तो तिथेच, सगळ्यांसमोर घेतला. कापड उलगडलं तेव्हा पुढच्या रांगेतले लोक मागे सरकले. ठसा अर्धाच होता. डाव्या बाजूच्या लाल रेघा आणि भुवई तेवढी उठली होती, आणि ती भुवई मधोमध फाटलेली होती. उजवी बाजू कोरी. समोर बाप तर पूर्ण रंगलेल्या चेहऱ्याने उभा होता, आणि त्याच्या दोन्ही भुवया धड होत्या.

लोक आत धावले. शिन्किची चटईवर होता तसाच होता. त्याच्या चेहऱ्यावर रंगाचा एक ठिपका नव्हता. खेळ चालू असताना ओसोनोने मुलापाशी बसायला ठेवलेल्या दोन म्हाताऱ्या शपथेवर सांगत राहिल्या, आम्ही हात लावला नाही, कोणी आतही आलं नाही.

पुजाऱ्याने पाटीवर आठवा लिहिला.

बाप मात्र बिननावाचा राहिला. दिलेलं नाव परत घेता येत नव्हतं, आणि नवं नाव द्यायचा हक्क एकट्या आठव्याचा होता. पुजारी म्हणाला, मी देतो. गाव म्हणालं, आम्ही देतो. त्याने दोन्ही वेळा हात जोडले. पुढे अकरा वर्षं तो जगला. बहिणीच्या नातवाला त्याने उड्या शिकवल्या, तोच पुढे नववा झाला. कोणाला त्याला बोलवायचं असेल तर ते जवळ जाऊन बाहीला हात लावत. तो गेला तेव्हा त्याच्या थडग्याच्या दगडावर काही कोरलं नाही.

मिनासेत अजून खेळ होतात. नाव द्यायच्या दिवशी नव्या तात्सुजुरोच्या आधी मागचं दार उघडतं. फुलवाट रिकामी असते. तीन उड्यांइतका वेळ जातो, आणि सगळं गाव उभं राहून ओरडतं, "आठवा!" त्यानंतरच नवा तात्सुजुरो पाऊल टाकतो.

खेळ झाला की नवा आपल्या बापाला म्हातारपणाचं नाव देतो. मग दोघं त्या कोऱ्या दगडापाशी जातात. दगडाला पाणी घालतात आणि शेजारी शाईत भिजवलेला कुंचला ठेवून मागे न बघता परत येतात. आठवा आलाच, तर त्याला बापाचं नाव लिहिता यावं म्हणून.

सकाळी ओसोनोच्या घरातलं कोणीतरी जाऊन बघून येतं. कुंचला वाळलेला असतो. दगड कोराच असतो. पुढच्या वेळी ते पुन्हा शाई घोटतात.