महिपती आणि एकवीस टांगत्या टोपल्या

एका गावात, आपल्याच तालुक्यातल्या म्हणा ना, महिपती नावाचा एक भोळा गडी होता. भोळा हे मी त्याच्या आईला वाईट वाटू नये म्हणून म्हणतोय. सांगितलेलं काम तो टाळत नसे आणि सांगितलेला शब्द विसरत नसे. तीच तर पंचाईत होती.

आईने त्याला मावशीकडे पाठवलं. मावशी म्हणजे चंद्राक्का. घरामागे त्यांची रोपवाटिका होती, आणि त्यांची लेक कुमुद पिटुनियाची रोपं अशी वाढवायची की बघत राहावं. कुमुदचं लग्न ठरत आलं होतं. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. राहिला होता तो फक्त मुलाच्या वडिलांचा, नानासाहेब मोहित्यांचा होकार. ते रविवारी येणार होते. त्यांना फुलांचा भारी शौक, म्हणून ओसरीत एकवीस टोपल्या फुलांनी लगडून टांगायच्या, असं चंद्राक्कांनी मनात घेतलं होतं.

सोमवारी त्या म्हणाल्या, "महिप्या, टोपल्या भरून टांग बरं. चांगल्या गच्च भर."

महिपतीने शेतातली काळी माती आणली. भिजवली. पायाने तुडवली. गच्च भरली आणि पहिली टोपली टांगली. टोपली वाशासकट खाली आली. खाली पाण्याचा रांजण होता. आता नाही.

"अरे मेल्या!" चंद्राक्का ओरडल्या. "टांगायच्या टोपलीत कुणी काळी माती घालतं का? हलकं घालायचं, हलकं! कोकोपीट आणि कंपोस्ट. हाताला जड लागलं की काढून टाकायचं, कळलं?"

"कळलं मावशी," महिपती म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं.

मंगळवारी त्याला बाजारातून कंपोस्टचं पोतं आणायला पाठवलं. पोतं डोक्यावर घेतलं, जड लागलं. थोडं काढून टाकलं. ओढ्यापाशी आला, अजून जड. अजून काढलं. घरी पोहोचला तेव्हा पोतं पिसासारखं हलकं झालं होतं आणि महिपती आनंदात होता.

"खत कुठाय?" चंद्राक्कांनी विचारलं.

"जड लागलं."

चंद्राक्कांनी कपाळावर हात मारला. "बैला, खताशिवाय काही वर येतं का या जगात? वर येत नसलं की दोन मुठी खत घालायचं, एवढं ध्यानात ठेव!" मग स्वतः ओढ्यापर्यंत जाऊन, सांडलेलं खत ओंजळीओंजळीने गोळा करून आणलं.

बुधवारी सकाळी कुमुद पातेल्यात डोकावून म्हणाली, "आई, थंडीमुळे इडलीचं पीठ वर आलंच नाही गं." आणि अंघोळीला गेली. महिपती तिथेच बसला होता. त्याने दोन मुठी घातल्या. ढवळून सारखंही केलं, कारण कामात तो कुचराई करत नसे. शेजारच्या सोनूताईंना पहिल्या चार इडल्या गेल्या. त्यांनी चारही खाल्ल्या आणि विचारलं, "नाचणीच्या का हो?"

पातेल्याच्या बुडाशी अर्धवट कुजलेलं पान सापडलं तेव्हा चंद्राक्का खालीच बसल्या. "खायच्या वस्तूला खत लावतोस? अरे, खाणं झाकून ठेवायचं असतं! फडकं टाकायचं, कडेनं दोरी बांधायची. वारा, माशी, काही आत जाता कामा नये."

"आधी सांगायचं ना मावशी," महिपती म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं.

गुरुवारी कुमुदने एकवीस टोपल्या आपल्या हाताने लावल्या. तळाला नारळाची सोडणं, वर कोकोपीट, कंपोस्ट, मग रोपं. काय देखणं काम! जाता जाता ती म्हणाली, "महिपतीदादा, लक्ष ठेव हं. शेळी सुटलीय, तिचं हे आवडतं खाणं."

खाणं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. महिपतीने घरातली झाडून सगळी फडकी काढली. धोतरं, चादरी, चंद्राक्कांचं ठेवणीतलं लुगडं. एकवीस टोपल्या करकचून बांधल्या आणि उन्हात मांडल्या. संध्याकाळी सोडल्या, तर बारा टोपल्यांतली रोपं उकडलेल्या पालेभाजीसारखी झालेली. शेळीने मात्र एकाही टोपलीला तोंड लावलं नव्हतं, हे त्याने दोनदा सांगितलं.

कुमुद रडली. ढसाढसा रडली पोर. चंद्राक्कांना रडायलाही सवड नव्हती. उरलेल्या नऊ टोपल्या ओसरीत झोपाळ्याच्या दोन्ही बाजूंना टांगल्या आणि त्या हात जोडून म्हणाल्या, "बाबा रे, आता झाकू नकोस, बांधू नकोस, काही करू नकोस. फक्त कात्री घे. वेडंवाकडं लोंबतं दिसलं की शेंडा छाट आणि वरून चिमूटभर खत दे. छाटलं की आठ दिवसांत दुप्पट फुटतं. एवढं जमेल?"

"न जमायला काय झालं?" महिपती म्हणाला.

रविवारी नानासाहेब आले. आधी मिशा आल्या, मग नानासाहेब. दोन्ही बाजूंनी हनुवटीच्या खाली उतरलेल्या, तेल लावलेल्या, झुपकेदार मिशा. मोहित्यांच्या घरात शब्द द्यायचा तो मिशीला पीळ देऊन, नाहीतर तो शब्दच नाही, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. जेवताना परत सांगितलं. नऊ पुरणपोळ्या झाल्या, टोपल्यांचं कौतुक झालं, कुमुदचंही झालं. "जरा पाठ टेकतो," ते म्हणाले, "उठलो की शब्द देतो." आणि झोपाळ्यावर उजव्या कुशीला आडवे होऊन घोरायला लागले.

सगळे माजघरात दबक्या आवाजात बोलत बसले. चंद्राक्कांनी साखरेची वाटी भरून ठेवली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं होतं.

ओसरीत महिपती कात्री घेऊन फिरत होता. पहिली टोपली पाहिली. दुसरी पाहिली. नवव्या टोपलीपर्यंत कुठेच काही वेडंवाकडं लोंबत नव्हतं. मग झोपाळ्याकडे लक्ष गेलं. हेही टांगलेलंच होतं. आणि लोंबत तर असं होतं, की इतक्या दिवसांत कुणी कसं छाटलं नाही याचंच महिपतीला नवल वाटलं.

त्याने डाव्या बाजूचा शेंडा छाटला. शेंडा म्हणजे मुळापर्यंतच. वरून चिमूटभर खत दिलं, बोटाने दाबलं, वर दोन थेंब पाणीही सोडलं.

पाण्याने नानासाहेब जागे झाले. उठून बसले. खाकरले. ते ऐकून सगळे ओसरीत आले. पुढे चंद्राक्का, हातात साखर. मागे कुमुद, खाली मान घालून.

"तर ऐका," नानासाहेब म्हणाले. "मोहित्यांचा शब्द..."

आणि त्यांनी डावा हात मिशीकडे नेला. दोन बोटांनी पीळ दिला. हवेला. बोटांना ओलं खत लागलं. ते त्यांनी डोळ्यांसमोर धरलं. मग परत हात नेला, परत हवा. चंद्राक्कांच्या हातातली वाटी खाली पडली आणि साखर ओसरीभर झाली.

महिपती पुढे झाला. त्याने नानासाहेबांचा हात हलकेच बाजूला केला.

"हात नका लावू नानासाहेब, नाहीतर धरणार नाही. शब्दाची काय घाई आहे? आठ दिवसांनी द्या, तोवर दुप्पट फुटलेल्या असतील. आता फक्त मान जरा इकडे करा. ही बाजू तुमच्या अंगाखाली होती, छाटायची राहिलीय."