परक्या केंबरांवर जकात

झाडंही सीमेवरून भांडत, तेव्हाची गोष्ट. नदीच्या अलीकडच्या उंबराला पलीकडच्या उंबराचा भारी दुस्वास. "त्याच्याकडची चिलटाएवढी केंबरं माझ्या फळांत फुकट घुसतात!" म्हणत त्यानं फळाफळाच्या तोंडाशी मुंगळे बसवले. आत जायचं तर जकात म्हणून एक पंख ठेवायचा.

म्हातारं वाघूळ म्हणालं, "अरे शहाण्या, ते किडे शिरतात म्हणून तर तुझी फळं पिकतात."

"जकात ते भरतील. माझं काय जातंय?"

केंबरं दुसऱ्या झाडांकडे वळली. उंबराची फळं हिरवीच गळून पडली. वाघूळ उडून गेलं. भुकेले मुंगळे त्याचीच साल कुरतडू लागले.

तरी उंबराचा तोरा कायम. "बघा, माझ्या एकाही फळात परका किडा नाही!"

त्यात खोटं काय होतं? झाडावर फळच नव्हतं.