दिवेलागणीचं खमीर

पीठ फुगायला ठेवलेलं असताना गोष्ट सांगू नये. पीठ कान देऊन बसतं आणि फुगायचं विसरतं, असं आईनं मला बजावलेलं आहे. म्हणजे ही मी सांगायला नकोच. पण हळू आवाजात सांगते.

एका राज्यात दरवर्षी तपमास येई. त्या महिन्यात राजापासून गुराख्यापर्यंत सगळे दिवसभर निराहार राहत आणि दिवेलागणीला फुलवा खाऊन उपवास सोडत. गव्हाच्या पिठाला खमीर लावायचं, त्यात गूळ, तूप नि वेलची मळायची, आणि भट्टीत असा भाजायचा की मुठीएवढा आत गेलेला गोळा ओंजळीएवढा होऊन बाहेर यावा, तो फुलवा. ज्याचा उपवास त्याच्याच घरच्या फुलव्यानं सुटे. दुसऱ्याचा चालत नसे. आणि पहिला फुलवा असे देवीचा.

देवीचा फुलवा करण्याचा मान दोघी बहिणींकडे होता. थोरली पूर्णा, धाकटी वेण्णा. आईबाप नव्हते. पूर्णानं नुसती हाक मारली तरी पीठ वर येतं, असं लोक म्हणत. वेण्णा लाकडं आणी, परातींवर ओली फडकी घाली आणि ताईच्या हातांकडे बघत बसे.

त्या राज्यात खमीर कुणी मागितलं तर नाही म्हणत नसत. पण दुसरीही एक रीत होती. दिवा लागल्यावर दूध, दही, मीठ, खमीर घराबाहेर द्यायचं नाही. त्याच्यामागून लक्ष्मी निघून जाते.

एका तपमासात, पूर्णा दिवा लावत असताना, धुळीनं माखलेली एक बाई दारात आली.

"पोरी, माझं खमीर मेलं. चिमूटभर दे. बाप उपाशी बसलाय."

"मावशी, दिवा लागला की हो. आता कसं देऊ? सकाळी या, वाटीभर देते."

बाई वळली. सकाळी ती आली तेव्हा पूर्णा वाटी घेऊन दारातच उभी होती. बाईनं वाटीला हात लावला नाही.

"बाप पहाटे गेला," ती म्हणाली. "फुलव्याचा वास कधी येतो म्हणून दाराकडे तोंड करून बसला होता."

ती उत्तरेच्या डोंगरावरची धूम्रा चेटकीण होती. तिनं वाटीवर फुंकर घातली. खमिराचा दगड झाला. तिथल्याच नाही, राज्यातल्या घरोघरच्या खमिराचा दगड झाला. मग तिनं पूर्णाकडे पाहिलं.

"दिवा लागला की तुला आता कुणाच्या दारात उभं राहता येणार नाही. पुढचा तपमास सरेपर्यंत पीठ फुगलं नाही, तर कधीच नाही."

पूर्णाची साळुंकी झाली आणि आढ्यावरून उडून गेली.

साळुंकी रोज दुपारी भट्टीच्या खिडकीत येई. बोले पूर्णासारखंच. "अगं, परात पालथी घाल. केस बांध आधी. मळतेस की गुदगुल्या करतेस पिठाला?" वेण्णा रागावे आणि मनातून सुखावे. पण उन्हं कलली की बोलता बोलता साळुंकीची मान वळे, पंख आपोआप उघडत, आणि वाक्य अर्धंच टाकून ती जाई. मग वेण्णा दिवा लावी आणि दुसरं ताट उगाचच मांडी.

हळूहळू साळुंकी विसरू लागली. आधी आईचं नाव विसरली. मग गुळाला काय म्हणतात ते विसरली. "ते गं, ते गोड, पिवळं," म्हणाली आणि गुळाच्या ढेपेवर चोच आपटत राहिली.

पुन्हा तपमास आला. भद्रसेन राजानं दवंडी पिटवली, की देवीचा फुलवा फुगेपर्यंत तो नुसत्या पाण्यावर राहील. प्रधान भट्टीवर आला.

"महाराज विचारतात, किती वेळ लागेल?"

"पीठ सांगेल तेव्हा."

"हे असं महाराजांना सांगू?"

"सांगा की. तेही वाटच बघतायत, त्यांना कळेल."

त्या दुपारी साळुंकी खिडकीत आली ती घाईघाईनं. "ऐक, विसरायच्या आत सांगते. आम्हा पाखरांत ठाऊक असतं. नवं खमीर लावायला तीन गोष्टी लागतात. जमिनीला न टेकलेलं मोहाचं फूल. आभाळ न पाहिलेलं पाणी. आणि कुणी न पेटवलेली ऊब."

वेण्णा रानात गेली. मोहाखाली अस्वल बसलं होतं.

"कशाला आलीस?"

"फुलांना."

"खाली पडलेली सगळी माझी."

"मला न पडलेली हवीत."

अस्वलानं विचार केला. "तर मग आपलं भांडण नाही," ते म्हणालं आणि सरकून बसलं. पहाटेपासून वेण्णा पदर पसरून उभी राहिली. फूल सुटलं की ती धावे आणि अस्वलही धावे, कारण एकदा चढाओढ लागल्यावर अस्वलाला खालची फुलं गोड लागेनात. ऊन वर आलं तेव्हा तिच्या पदरात ओंजळभर फुलं होती आणि अस्वलाला धाप लागली होती.

आभाळ न पाहिलेल्या पाण्यासाठी राजानं विहिरी खणवल्या. पण पाणी लागलं की ते वर बघेच. वेण्णानं परसातला नारळ उतरवला आणि डोक्यावरून घोंगडी घेऊन, अंधारातच फोडला.

उरली ऊब. भट्टी पेटवायची नाही, उन्हात ठेवायचं नाही, कारण ऊन तर देवानं पेटवलेलं. वेण्णानं पीठ, फुलं आणि पाणी कालवलं, मडक्यात भरलं आणि मडकं हातात धरून बसून राहिली. बसल्या बसल्या तिला आठवलं, की लहानपणी थंडीत ताई तिला पोटाशी धरून निजायची. तिनं मडकं पोटाशी बांधलं.

तसंच घेऊन ती चाले, तसंच घेऊन निजे. गावातल्या बाया हसल्या. "काय गं वेण्णे, कितवा महिना?" ती लाजे, मान खाली घाली, पण गाठ सोडत नसे. आणि एका दुपारी पोटाशी काहीतरी हललं. मडक्यावरचं फडकं वर उचललं गेलं होतं. आत बुडबुडे कुजबुजत होते.

ती खिडकीकडे धावली. "ताई! फुगलं गं, फुगलं!"

साळुंकीनं मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. "तू कोण गं?" ती म्हणाली.

वेण्णा रडली नाही. रडलं की हात थरथरतात आणि पीठ बसतं. तिनं गूळ, तूप, वेलची घालून पीठ मळलं. तपमासाची शेवटची संध्याकाळ आली तेव्हा परातीत गोळा होता तो एकाच फुलव्यापुरता. बाहेर पिंपळावर पाखरं परतत होती. तिनं दिवा लावला, भट्टी तापली होती, आणि दारात धूम्रा उभी राहिली.

"पोरी, चिमूटभर खमीर दे."

वेण्णानं तिला लगेच ओळखलं. गोळा तिनं छातीशी धरला. दिवा लागलेला. एवढंच पीठ, त्यातलं तोडलं आणि उरलेलं फुगलंच नाही तर?

"घरी कोण आहे तुमच्या?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग कुणासाठी?"

"दुसरं ताट अजून मांडते मी," धूम्रा म्हणाली. "सवय जात नाही."

वेण्णानं गोळा मधोमध तोडला. अर्धा धूम्राच्या हातावर ठेवला.

"दिवेलागणीला देतेस? लक्ष्मी जाईल घरातून."

"माझी कधीच गेलीय," वेण्णा म्हणाली. "पिंपळावर बसते. घ्या, गार होईल."

धूम्राच्या तळव्यावर तो गोळा फुगू लागला. बोटांबाहेर आला, मनगटावर उतरला. तिनं तो नाकाशी नेला आणि वेलचीच्या वासानं तिचं म्हातारं तोंड लहान मुलीसारखं वाकडं झालं. "बाबा," एवढंच ती म्हणाली.

भट्टीतला अर्धा गोळा ओंजळीहून मोठा होऊन निघाला. देवीपुढं तो ठेवला तेव्हा राज्यातल्या सगळ्या दगडांना पाझर फुटला, घरोघरी खमीर पुन्हा वर आलं, आणि राजानं आपल्या घरचा फुलवा उभ्यानंच खाल्ला. बसायला त्याला धीर नव्हता. वेण्णा परतली तेव्हा उंबऱ्यात कुणी उभं होतं. दिवा लागलेला होता आणि पूर्णा दारात उभी होती. तिच्या केसांत एक करडं पीस होतं.

"वेण्णे," ती म्हणाली, "केस बांध आधी."

त्या रात्री दोन्ही ताटं भरली. धूम्राला आता कुणी चेटकीण म्हणत नाही. दिवा लागल्यावर खमीर हवं असलं तर लोक तिच्याकडे जातात. सगळं पहिल्यासारखं झालं. फक्त उन्हं कलली, पाखरांचे थवे रानाकडे निघाले, की पूर्णाचे हात पिठात थांबतात. मान वळते. वेण्णा मग काही विचारत नाही, नुसती जवळ जाऊन उभी राहते. एकदाच तिनं विचारलं होतं, "ताई, तुला तिकडची आठवण येते का गं?" तेव्हा पूर्णा आभाळाकडे बघत म्हणाली, "वेण्णे, खरं सांगू, तिथून आपलं घर दिसायचं ना, तेव्हा मला

हो, आले! आले गं, आई! नाही गं, पिठाला काही सांगत नव्हते!