डोहमाईच्या वशाची कहाणी

ऐका डोहमाई, तुमची कहाणी. आटपाट गाव होतं, गावाखाली नदी, नदीत डोह. डोहात देवाचे मासे. बाया डोहाची ओटी भरीत, लाह्या टाकीत, मासे वर येऊन टिपीत. एके दिवशी धाकट्या सुनेनं, आवडीनं, लाह्या टाकल्या. मासे आले नाहीत. लाह्या पाण्यावर तशाच राहिल्या. आवडी धावत घरी आली.

“सासूबाई, सासूबाई, मासे वर येईनात!”

“पाल चुकचुकली तरी तुझं काळीज उडतं. माई रुसली असेल. ओटी मोठी भर.”

मग गावानं एकीच्या तीन ओट्या केल्या. मासे आले नाहीत. तिनाच्या नऊ केल्या. खण टाकले, नारळ टाकले, पिशवीसकट कुंकू टाकलं. पाण्याला वास सुटला. मग मासे वर आले, ते पोटं वर करून आले. तेच पाणी हंड्यात, तेच घशात. आवडीच्या चिंगीला जुलाब लागले. सकाळी लागले, दुपारी डोळे खोल गेले, दिवेलागणीला पोर मांडीवरच निवली.

डोहाकाठी म्हातारी भोईण मेले मासे पुरीत होती. आवडीनं विचारलं, “आजी, माई का कोपली?”

“कोपली नाही गं. गुदमरली. तुमच्या मायेनंच गुदमरली.”

“मग मी काय करू?”

“वसा घे. पण घेशील नि टाकशील.”

“टाकणार नाही. गेल्या लेकीची आण.”

म्हातारी म्हणाली, “पहिल्या वर्षी नदीत काही टाकू नये. दुसऱ्या वर्षी काठाला वाळा नि उंबर लावावा. तिसऱ्या वर्षी उतारावर चर खणून माती अडवावी. दरसाल वरच्या गावाला हाक घालावी. त्यांनी ओ दिली तर वसा फळला. एकट्या गावाला तो फळत नाही.”

वरच्या गावी रंगाऱ्यांची वस्ती होती, ती रंगाचं पाणी नदीत सोडी. पहिल्या वर्षी आवडीनं सासूचीच ओटी अडवली, शिव्या खाल्ल्या. वशाला चार बाया आल्या, मग चाळीस आल्या. शिवेवर जाऊन तिनं हाक घातली, “बायांनो, रंगाचं पाणी सोडू नका गं!” वरून हसू आलं, “खालचीला कोण विचारतं!”

दुसऱ्या वर्षी वाळ्यानं मूळ धरलं. आवडीनं हाक घातली, “पाया पडते, पाणी राखा गं!” वरून आलं, “आधी तुमच्या कुजक्या ओट्यांचं बघा!” आवडी दचकली. खोटं काय होतं त्यात? परतली.

तिसऱ्या वर्षी चर खणले. सासूबाई आल्या, पाटीभर माती उचलली. पाणी निवळलं. खंड्या येऊन बसे, वरून रंगाचा तांबडा लोट आला की उडून जाई. त्यातच आवडीला दिवस गेले. पोटावर हात ठेवी, पाण्याकडे बघे. हे तरी जगेल का?

मग शिवेवर गेली. तिसरी हाक घातली.

“बायांनो, आधी चुकलो ते आम्ही. माईला पुजून पुजून मारलं. माझी चिंगी त्या पाण्यानं गेली. तुमच्यात कुणाचं गेलं का गं?”

वर भट्ट्या धुमसत होत्या. कुणी हसलं नाही. मग कोपरापर्यंत निळ्या हातांची एक रंगारीण काठावर आली.

“ओ,” ती म्हणाली. “माझी दोन गेली, बाई. थांब तिथंच. मी खाली येते.”

आवडीला जशी ओ मिळाली, तशी तुम्हां आम्हां मिळो. ही तीन हाकांची कहाणी एका ओपाशी सुफळ संपूर्ण.