पहिला मान हत्तीला

उंबरगडच्या शाळेत वर्षभर काय शिकवायचं, यावरून दरबारातले तीन मानकरी रुसले आणि जेवेनासे झाले.

भांडण मानाचं होतं. उंबरगडात देवळातला नारळ असो की लग्नातला टिळा, पहिला मान कुणाचा हे ठरल्याशिवाय पान हलत नसे. राजेसाहेबांनी जुन्या कोठारात नवी शाळा काढली, एक पंतोजी नेमला आणि वर्षाची आखणी मागवली. तिथेच घोळ झाला.

कारभारी म्हणाले, "पहिला मान गणिताचा. गणित दुसरं आलेलं माझ्या घराण्यात खपत नाही."

शास्त्रीबुवा म्हणाले, "आधी भाषा. गणित तरी सांगणार कशात? शिट्टीत?"

सरनौबत म्हणाले, "आधी कसरत. बसून बसून पोरं मऊ पडतात." हे त्यांनी लोडाला टेकून सांगितलं.

राजेसाहेबांच्या मनातून गाणं आधी यायला हवं होतं. ते स्वतः गात. त्याविषयी राज्यात कुणी काही बोलत नसे.

राजेसाहेब हट्टी. त्यांनी हुकूम सोडला, "पंतोजी, अशी आखणी करा की चारही विषय पहिले येतील. दुसरा एकही येता कामा नये. उद्या दरबारात सांगा. नाही जमलं तर शाळा बंद. पिलखान्याचं छप्पर वाऱ्याने उडालंय. आमचा हत्ती त्या कोठारात बांधू."

पंतोजी घरी आले आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन पडले.

शाळेची झाडलोट चंद्री करायची. पाणीही तीच भरायची. त्याच्या बदल्यात तिची मुलगी तानी शाळेत फुकट बसे. हुकूम ऐकला तशी चंद्री खराटा घेऊनच पंतोजींच्या दारात आली.

"पंतोजी, उठा."

"उठून काय करू? तोंड एक, विषय चार. एक आधी आला की तीन मागे पडले."

"म्हणजे शाळा जाणार?"

"जाणार. हत्ती येणार."

चंद्रीने खराटा भिंतीला टेकवला. "माझी तानी 'ढ' या अक्षरापर्यंत पोचलीय. आता शाळा सुटली तर पोर जन्माची ढ राहील. उद्या मी येते दरबारात."

"अगं, तू काय सांगणार?"

"ते वाटेत बघू. आधी पांघरूण सोडा."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. चंद्री पुढे उभी राहिली.

"पंतोजी कुठे आहेत?" राजेसाहेबांनी विचारलं.

"माझ्या मागे आहेत, महाराज. थोडे खाली वाकलेत."

"आखणी झाली?"

"झाली. शाळेत हत्ती बांधा."

पंतोजींनी डोळे मिटून घेतले. राजेसाहेब मिशीला पीळ देत म्हणाले, "म्हणजे हरलात."

"हरलो कुठे? हत्ती बांधा म्हटलं. पोरं काढा असं कुठे म्हटलं?"

दरबार सावरून बसला. चंद्री कारभाऱ्यांकडे वळली. "हत्तीला ऊस किती, पेंढा किती, गाडीत मावतो किती, हे पोरं रोज मोजतील. कारभारीसाहेब, हिशेब न करता हत्ती पोसता येतो का?"

"नाही येत," कारभारी खिन्नपणे म्हणाले. "गेल्या साली करून पाहिलं."

"भाषेचं काय?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"हत्तीला पोरंच सांगतील, ऊठ, बस, मागे सर. समजा बुवा, तुम्ही हत्तीच्या मागे उभे आहात. पोराला म्हणायचं होतं ऊठ, आणि तोंडून निघालं बस."

शास्त्रीबुवांनी पंचा कपाळावरून फिरवला. "उच्चार स्पष्टच हवेत. त्यात तडजोड नाही."

"आणि कसरत?" सरनौबत गरजले.

"हत्तीची लीद कोण उचलणार?"

सरनौबतांनी आपल्या दंडांकडे पाहिलं. मग म्हणाले, "कसरत आहे खरी."

आता राजेसाहेबांनी हळूच विचारलं, "आणि गाणं?"

पंतोजी आणखी खाली वाकले.

"हत्ती सूर लावेल, पोरं त्याच्यामागून म्हणतील," चंद्री म्हणाली. "त्याचा सूर अगदी महाराजांच्या सुरासारखा आहे."

तेवढ्यात बाहेर हत्ती ओरडला. खांबावरची कबुतरं उडाली. राजेसाहेबांनी कान देऊन ऐकलं.

"आहे खरा," ते अभिमानाने म्हणाले. "दम चांगला आहे."

पण हट्ट सुटला नव्हता. "हे सगळं मान्य. तरी सकाळी शाळेचं दार उघडलं की काहीतरी आधी येणारच. मग पहिला मान कुणाचा?"

"महाराज, वेशीतून हत्ती येतो तेव्हा आधी आत काय येतं?"

"सोंड."

"मग सोंड आली, सोंड आली, म्हणून गाव धावतं का?"

"छे. हत्ती आला म्हणतात."

"मग झालं तर. सोंडेला आधी नारळ आणि शेपटीला मागाहून, असं कुणी करत नाही. मान सगळ्या हत्तीचा."

तिन्ही मानकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. रुसायला जागा उरली नव्हती. शिवाय तिघांनाही भूक लागली होती.

राजेसाहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण एवढा एक हत्ती वर्षभर पुरेल?"

"पुरून उरेल, महाराज. हत्ती गेला तरी शेपूट राहतंच. तेवढं पुढच्या वर्षी शिकवू."

राजेसाहेब हसले ते इतक्या मोठ्याने, की बाहेरून हत्तीने उत्तर दिलं. त्यांनी चंद्रीला पातळ-चोळी दिली, शाळेजवळ राहायला घर दिलं, आणि दरसाल शाळेचा पहिला नारळ तिच्या हातून फुटेल असं जाहीर केलं. तो मान कुणी मागितला नाही. हत्तीच्या इतकं जवळ जायला मानकरी तयार नव्हते.

शाळा पुन्हा उघडली त्या दिवशी तानी हत्तीवर बसून आली. कोठाराच्या दारात हत्ती थांबला. खाली पंतोजी पाटी धरून उभे होते. तानीने वरूनच वाचलं, "ण."