पुढच्या गावाला उशीर

“मग माझ्या भाषणानं माणसं उगाच पेटून उठतात का, आबा?” अंबादासने पुन्हा विचारले.

देवीच्या देवळाच्या ओट्यावर सिदराम आबा विस्तवावर संबळ शेकत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

अंबादास त्यांचाच चेला. त्याची आई गेली तेव्हा याच म्हाताऱ्या गोंधळ्याने त्याला घरी आणून हातात संबळाच्या काठ्या दिल्या होत्या. आता तो पुढाऱ्यांच्या सभांत बोलायचा. माणसे तापवावीत तर त्यानेच, असा त्याचा बोलबाला होता. गळ्यात हारांवर हार पडायचे. पण आबांच्या तोंडून एक ‘शाबास’ ऐकायला त्याचा जीव आसुसला होता. तेवढ्यासाठीच तो गाडी काढून आला होता.

“काल नदीपलीकडं बोललो. ‘तुमच्या तोंडचा घास कुणी काढला?’ एवढंच विचारलं. नाव मी घेतलं नाही, सभेनंच घेतलं. तुमचीच लय, आबा. आधी संथ, मग...”

“मग?”

“मागनं म्हणे दोन आळ्यांत डोकी फुटली.”

“तू कुठं होतास?”

“मी थांबत नाही. पुढच्या गावाला उशीर होतो.”

आबांनी संबळ विस्तवावरून काढून बोटाने वाजवून पाहिला.

मंगळवार होता. आरतीला बायका जमल्या. आबांनी संबळ कमरेला बांधला. लय चढत गेली तशी त्यांची धाकटी बहीण, कोंडाआत्या, घुमू लागली. केस सुटले, श्वास फुलला.

आणि ऐन भरात आबांनी हात थांबवले. संबळ सोडून ओट्यावर ठेवला, वहाणा पायांत सरकवल्या नि पायऱ्या उतरू लागले.

अंबादास ताडकन उठला. ज्याने चढवले त्यानेच उतरवायचे, घुमणाऱ्याला पाणी पाजल्याशिवाय हलायचे नाही, ही या घराची पहिली शिकवण. लहानपणी एकदा मध्येच उठला म्हणून त्याने आबांचा मारही खाल्ला होता.

“आबा, आत्याला अशी सोडून कुठं निघालात?”

“पुढच्या गावाला उशीर होतोय.”

आत्या झोकांड्या खात खांबाकडे निघाली होती. अंबादासने धावत जाऊन संबळ उचलला. हात आधी अडखळले, मग त्यांना सगळे आठवत गेले. लय हळूहळू खाली आली. आत्या जागीच बसली. त्याने तिच्या ओठांना तांब्या लावला, पदर सावरला.

तिने डोळे उघडले. “अंबू... कधी आलास रे?”

त्या नावाने हाक ऐकून किती वर्षे झाली होती. भरल्या मैदानांनी त्याचा जयजयकार केला होता, पण अंबू कुणी म्हटले नव्हते. त्याला रडू आवरेना.

आबा शेवटच्या पायरीवर थांबून पाहत होते.

“जमलं का, आबा?” त्याने डोळे पुसत विचारले. शाबासकी अजून हवीच होती.

आबा वर आले. रिकामा तांब्या त्यांनी रांजणात बुडवून भरला नि त्याच्या हातात दिला.

“नदीपलीकडं अजून कुणी पाणी दिलेलं नाही.”